वाचक विचारतात : प्लॅटफॉर्म गेमची उडी, काल आणि उद्या

गेल्या अंकात या सदरासाठी प्लॅटफॉर्म प्रकारच्या व्हिडिओ गेमचा विषय जाहीर केल्यावर पालकांनी, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि नव्वदच्या दशकात टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून बसणाऱ्या पिढीने भरभरून पत्रे पाठवली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ज्यांत सांगण्यासारखे अधिक होते त्यांना जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : धावणे, उड्या मारणे, शत्रूंना चुकवणे हे बहुतेक सर्वच व्हिडिओ गेममध्ये असते. मग ‘मारिओ’सारख्या खेळांचा वेगळा वर्ग का मानतात आणि त्याची सुरुवात कोणत्या खेळाने झाली? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : ज्या खेळात खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी शत्रू नसून अंतर असते तो प्लॅटफॉर्म गेम, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. दोन फळ्यांमधला खड्डा, डोक्यावरची उंच पायरी, वेळेवर न पकडल्यास निघून जाणारा सरकता मजला ही इथली मुख्य संकटे, आणि उडी हा त्यांवरचा मुख्य उपाय. शत्रूही असतात, पण ते बहुधा आपली उडी चुकावी अशा बेताने वाटेत ठेवलेले असतात.

शिड्या आणि मजले असलेला पडदा १९८० सालच्या ‘स्पेस पॅनिक’ या जपानी खेळात आला होता. मात्र त्यातील पात्राला उडीच मारता येत नव्हती. ती १९८१ मध्ये निन्टेन्डोच्या ‘डाँकी काँग’ने दिली, आणि तीही धंद्यातल्या अडचणीपोटी. कंपनीचा ‘रडार स्कोप’ हा खेळ अमेरिकेत चालला नाही आणि त्याची यंत्रे पडून राहिली, तेव्हा त्याच यंत्रांत बसवता येईल असा नवा खेळ रचण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण कर्मचाऱ्याकडे आले. त्याला पॉपायच्या कार्टूनमधली पात्रे हवी होती, पण हक्क मिळाले नाहीत. म्हणून त्याने एक गोरिला, एक तरुणी आणि एक सुतार अशी आपली पात्रे उभी केली. ‘जंपमॅन’ या नावाने आलेला हा सुतारच पुढे मारिओ झाला. गोरिलाने वरून पिंपे सोडायची आणि सुताराने त्यांवरून उडी मारत वर चढायचे, एवढ्या मजकुरावर एक अख्खा प्रकार उभा राहिला.

पुढच्याच वर्षी डेव्हिड क्रेनने अटारी २६०० या यंत्रासाठी ‘पिटफॉल’ लिहिला. त्यातले २५५ पडद्यांचे जंगल अवघ्या ४ किलोबाइटमध्ये बसले, कारण जंगलाचा नकाशा साठवलेलाच नव्हता. एका छोट्याशा सूत्रातून तो दर वेळी जसाच्या तसा काढला जाई. यंत्राने स्वतः खेळाची रचना करावी, या आजच्या चर्चेचे मूळ इतके मागे जाते. तिच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

प्रश्न : आमच्या घरी टीव्हीच्या व्हिडिओ गेमची एक पिवळी कॅसेट होती; तिच्यातला ‘सुपर मारिओ’ मी आजही मुलाबरोबर खेळतो. मोबाइलमधला एक फोटोसुद्धा काही मेगाबाइटचा असतो. मग एवढा मोठा खेळ त्या कॅसेटमध्ये कसा मावला? आणि न शिकवता तो सर्वांना कसा येत असे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याकडे घरोघरी जी यंत्रे होती त्यांपैकी बहुतेक निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ची परवान्याविना केलेली नक्कल होती, आणि कॅसेटवर छापलेले हजारो खेळ प्रत्यक्षात मोजक्याच खेळांची पुनरावृत्ती असत. तरी आतला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अस्सल होता. १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आलेल्या या खेळाचा एकूण पसारा ४० किलोबाइटचा : ३२ किलोबाइट सूचना आणि मांडणीसाठी, ८ किलोबाइट चित्रांसाठी. एवढ्यात ३२ टप्पे बसवायचे म्हणजे काटकसर आली. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट पाहा. आकार तोच आहे, फक्त रंग बदलला आहे. विटा, नळ, जिने हे सर्व ठरावीक तुकड्यांनी रचलेले आहे, त्यामुळे कोणत्या जागी कोणता तुकडा येतो एवढीच नोंद पुरते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या टप्प्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात आहे. खेळ सुरू होतो तेव्हा मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. कोठे जायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन-चार पावलांवर प्रश्नचिन्हाची चमकती वीट दिसते आणि समोरून कपाळाला आठ्या घातलेला एक ठेंगणा प्राणी चालत येतो. नवखा खेळाडू त्याला धडकून मरतो, पण गमावलेले असते केवळ काही सेकंदांचे चालणे. पुढच्या खेपेस तो उडी मारतो, आणि उडी प्राण्यावर पडली की शत्रू चिरडता येतो हे कळते, किंवा डोके विटेला लागले की नाणे निघते हे कळते. मग एका विटेतून अळंबी बाहेर पडते. ती उजवीकडे सरकत जाते, खाली उतरते, नळाला आपटते आणि उलटी फिरून थेट मारिओच्या अंगावर येते. तिला शत्रू समजून उडी मारणाऱ्याचेही डोके बहुधा वरच्या विटांना लागते आणि तो तिच्याच वाटेत पडतो. अशा रीतीने घाबरणाऱ्यालाही बक्षीस मिळून जाते. याच टप्प्याच्या शेवटाकडे समोरासमोर असलेल्या जिन्यांच्या दोन जोड्या येतात. पहिल्या जोडीच्या मधे जमीन आहे, दुसरीच्या मधे खड्डा. सराव आधी आणि परीक्षा नंतर हा क्रम एकही अक्षर न लिहिता पाळलेला आहे. पुढच्या अनेक महागड्या खेळांनी पडद्यावर सूचनांच्या पाट्या लावून जे साधले नाही ते इथे विटांच्या जागा ठरवूनच झाले, असे आमचे मत आहे.

प्रश्न : शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की आम्ही ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ चालू करायचो. मारिओ बटण दाबताक्षणी उडतो, प्रिन्स मात्र जरा थांबून उडतो, आणि तरीही तो अधिक खरा वाटतो. याचे कारण काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तो खरा वाटतो कारण त्याच्या मागे एक खराखुरा मुलगा धावला आहे. जॉर्डन मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावले आणि त्याचे व्हिडिओ चित्रीकरण केले. त्यातील एकेक चौकट घेऊन तिची बाह्याकृती ॲपल २ या संगणकात उतरवण्याचे काम त्याने चिकाटीने केले. तलवारीचे हात त्याने एका जुन्या चित्रपटातील द्वंद्वातून घेतले. खेळ बाहेर आला तो १९८९ मध्ये, आणि नंतरच्या डॉस आवृत्तीतून तो आपल्या शाळांच्या आणि संगणक क्लासच्या यंत्रांवर पोहोचला.

आपण ज्याला थांबणे म्हणता तो दोष नसून त्या पद्धतीची किंमत आहे. माणूस धावता धावता एका क्षणात उलटा फिरत नाही. आधी पाय रोवतो, तोल सावरतो आणि मग वळतो. मेकनरने ती सर्व हालचाल ठेवली, म्हणून बटण दाबल्यानंतर ती पूर्ण होईपर्यंत खेळाडूला वाट पाहावी लागते. मारिओमध्ये हवेत असतानाही दिशा थोडी बदलता येते. प्रिन्सने जमीन सोडली की निर्णय झाला. त्यामुळे मारिओ हाताने खेळला जातो आणि प्रिन्स आधी डोळ्यांनी मोजून. फरशा ठरावीक मापाच्या आहेत. उभ्याने किती जाता येते, धावत किती, हे ठाऊक झाले की प्रत्येक खोली म्हणजे एक हिशेब होतो. घड्याळात मात्र ६० मिनिटेच असतात, आणि हिशेब करायला उसंत नसते. पुढे १९९१ सालचा ‘अनदर वर्ल्ड’ आणि १९९६ सालचा ‘टूम रेडर’ या दोघांनी हीच वाट धरली.

या खेळातली एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सुरुवातीच्या आराखड्यात लढाई नव्हती. एका सहकारिणीने ती हवीच असा लकडा लावला, पण दुसऱ्या योद्ध्याची चित्रे ठेवण्याइतकी मेमरीच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने प्रिन्सचीच चित्रे किंचित सरकवून त्यांच्याच वर एका गणिती क्रियेने उमटवली आणि चकाकणारा एक सावलीपुरुष फुकटात मिळवला. आरशातून उडी मारल्यावर बाहेर पडणारा, आपल्या तोंडचे औषध पिऊन टाकणारा आणि शेवटी तलवार म्यान केल्याशिवाय न हरणारा तो प्रतिस्पर्धी मेमरीच्या टंचाईतून जन्मला आहे. त्या खेळाचा मूळ संगणकीय मजकूर असलेल्या फ्लॉपी हरवल्या होत्या. त्या मेकनरच्या वडिलांना घरात सापडल्या आणि २०१२ मध्ये तो मजकूर सर्वांसाठी खुला करण्यात आला. संगणकशास्त्र शिकणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

प्रश्न : मी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी प्लॅटफॉर्म गेम करत आहे. गुरुत्वाकर्षण ९.८ ठेवले आहे, सूत्रे बरोबर आहेत, तरी पात्र फुग्यासारखे तरंगते आणि मित्र म्हणतात की बटण दाबूनही उडी लागत नाही. काय चुकत असावे? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : सूत्रे बरोबर आहेत, फक्त ती उलट्या टोकाने लावली आहेत. पुस्तकातला ९.८ हा आकडा बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी ठरवा : उडी किती उंच जावी आणि त्या उंचीला किती वेळात पोहोचावी. उंची ‘उ’ आणि वेळ ‘व’ मानल्यास गुरुत्वाकर्षण २उ भागिले व-वर्ग आणि सुरुवातीचा वेग २उ भागिले व इतका येतो. समजा, पात्राने ४ घरे उंच उडावे आणि ०.४ सेकंदात शिखर गाठावे. तर गुरुत्वाकर्षण प्रतिसेकंद-वर्ग ५० घरे आणि वेग प्रतिसेकंद २० घरे. खाली येताना हेच गुरुत्वाकर्षण दीडपट-दुप्पट करा. निसर्गात असे घडत नाही, पण पडद्यावर ते जिवंत दिसते, आणि खेळाडूला जमिनीवर लवकर परत यायचे असते. बटण चटकन सोडल्यास उडी आखूड आणि दाबून धरल्यास लांब, ही सोय ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्येही आहे, वर जाताना बटण सुटले की गुरुत्वाकर्षण एकदम वाढते.

मित्रांच्या तक्रारीचे कारण मात्र वेगळे आहे. माणूस कड्याच्या अगदी टोकावर उडी मारू पाहतो, पण त्याचे बोट प्रत्यक्षात किंचित उशिरा दाबते, आणि तोवर पात्राचा पाय कड्यावरून सुटलेला असतो. संगणकाच्या दृष्टीने ते हवेत आहे, म्हणून उडी नाकारली जाते. खेळाडूला मात्र आपण वेळेवर दाबल्याची खात्री असते, आणि तो खेळाला खोटारडा ठरवतो. यावरचा उपाय म्हणजे संशयाचा फायदा फलंदाजाला द्यावा तसा तो बोटाला देणे. २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’ या खेळात कडा सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मान्य केली जाते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दिसत असतील तर ही ६ चित्रांची सवलत झाली. या क्षेत्रात तिला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. दुसरी सवलत याच्या उलट आहे : जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी बटण दाबले असेल तर ते लक्षात ठेवायचे आणि पाय टेकताक्षणी उडी द्यायची. तिसरी डोक्याची : उडताना कपाळ विटेच्या कोपऱ्याला चार-दोन पिक्सेल लागत असेल तर पात्राला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ द्यायचे. ‘सेलेस्ट’ हा अवघड खेळांत गणला जातो, आणि त्यात या तिन्ही सवलती आहेत. अवघडपणा टप्प्याच्या रचनेत असावा, बटणाच्या वागण्यात नसावा.

आणखी एक सूचना : तूर्त चित्रे, संगीत, कथा यांतले काहीही करू नका. पात्राच्या जागी एक साधा चौकोन ठेवा आणि तो रिकाम्या मैदानात नुसता उडवायलाही आवडू लागेपर्यंत हेच आकडे बदलत राहा. प्रकल्पाच्या अहवालात लिहायला हे कमी वाटेल, पण परीक्षकांच्या हातात रिमोट दिल्यावर फरक दिसेल.

प्रश्न : जुना मारिओ नव्या मोठ्या टीव्हीवर लावला तर उड्या चुकतात. वयाचा परिणाम की टीव्हीचा? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : बव्हंशी टीव्हीचा. जुना काचेच्या नळीचा टीव्ही आलेला संकेत येईल तसा पडद्यावर उमटवत असे. आजचे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर रंग, ठळकपणा आणि हालचाल सुधारण्याच्या प्रक्रिया करतात, आणि त्यात सेकंदाचा काही शतांश भाग जातो. चित्रपट पाहताना तो कळत नाही, उडी मारताना नक्की कळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करावा आणि शक्य असल्यास तारेचा कंट्रोलर वापरावा.

प्रश्न : थ्रीडी आल्यावर हा प्रकार मागे पडला असे वाचले होते, पण अलीकडे पुन्हा त्याचीच चर्चा ऐकू येते. नक्की काय झाले? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जून १९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ आला आणि त्याने त्रिमितीत उडी कशी मारावी याचा नमुना घालून दिला. बोटाच्या हलक्या दाबाने चालणे आणि पूर्ण दाबाने धावणे शक्य करणारी कांडी, आणि पात्राभोवती फिरवता येणारा कॅमेरा या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. त्याहून हुशारीची गोष्ट सावलीची. त्रिमितीत आपण नक्की कोठे उतरणार हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून प्रकाश कोठूनही येत असला तरी मारिओची सावली नेहमी त्याच्या बरोबर पायाखाली पडते. तिच्याकडे पाहून उतरायचे. त्याच वर्षीच्या ‘क्रॅश बँडिकूट’ने हा प्रश्न टाळण्यासाठी वाटच बोळासारखी अरुंद ठेवली.

त्यानंतर मात्र बऱ्याच कंपन्यांनी उडीऐवजी आकारावर भर दिला. मैदाने मोठी झाली, जमवायच्या वस्तू शेकड्यांनी वाढल्या, आणि चालण्यातच वेळ जाऊ लागला. दरम्यान नेमबाजीच्या खेळांनी बाजार व्यापला. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत प्लॅटफॉर्म गेम हा लहान मुलांचा जुनाट प्रकार समजला जात होता. तो परतला तो दोन दारांनी. एक मोठे : २००६ मध्ये निन्टेन्डोने हातातल्या ‘डीएस’ यंत्रावर पुन्हा सपाट पडद्याचा मारिओ आणला आणि त्याच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या. दुसरे छोटे, पण आमच्या मते अधिक महत्त्वाचे : डाउनलोड करून खेळ विकता येऊ लागले, आणि दुकानातल्या फळीवर जागा मिळवण्याची गरज संपली. ‘केव्ह स्टोरी’ (२००४) एकट्या दाइसुके अमायाने फावल्या वेळात पाच वर्षे खपून लिहिला आणि फुकट वाटला. ‘ब्रेड’ (२००८), ‘सुपर मीट बॉय’ (२०१०), ‘हॉलो नाइट’ (२०१७) हे सर्व मूठभर माणसांचे काम आहे. ‘हॉलो नाइट’ करणाऱ्या, ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातल्या छोट्या चमूचाच ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा खरेदीदारांच्या गर्दीने मोठमोठी ऑनलाइन दुकाने काही काळ कोलमडली. मोठ्या कंपन्यांनीही हा मार्ग सोडलेला नाही; २०२४ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान सोनीच्या ‘ॲस्ट्रो बॉट’ या प्लॅटफॉर्म गेमला मिळाला.

प्रश्न : मोबाइलवर असे चांगले खेळ का नाहीत? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : काचेला बटण नसते म्हणून. अंगठा बटणावर आहे की घसरला आहे हे स्पर्शाने कळत नाही, आणि अचूक उडीला तेच लागते. त्यामुळे मोबाइलने धावणे यंत्राकडे सोपवले आणि खेळाडूकडे फक्त उडी ठेवली. २००९ च्या ‘कॅनबाल्ट’पासून ‘टेम्पल रन’ (२०११) आणि ‘सबवे सर्फर्स’ (२०१२) पर्यंतचे न संपणारे धावण्याचे खेळ त्यातूनच निघाले. खुद्द निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ रन’मध्येही (२०१६) मारिओ आपोआप धावतो. हे खेळ टाइमपास म्हणून चांगले आहेत, पण थांबण्याची मुभा नसलेली उडी ही अर्धीच उडी. मोबाइलला जोडता येणारा छोटा कंट्रोलर घेतल्यास ‘डेड सेल्स’सारखे चांगले खेळ फोनवरही नीट खेळता येतात.

प्रश्न : महाराष्ट्रात या प्रकारचे काही काम झाले आहे का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : झाले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. हरवलेल्या भावाचा, गोलूचा, शोध घेणारी राजी खांबांवर चढते, भिंतींवरून धावते, कठड्यांवरून झेपावते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा वारसा त्यात स्पष्ट दिसतो. मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत आणि रंगकामावर पहाडी चित्रशैलीची छाया आहे. कॅमेरा दूर आणि ठरावीक जागी असल्यामुळे काही उड्यांचा अंदाज येत नाही, लढाईचे भागही जरा साचेबद्ध होतात. पण आपल्याकडच्या शिल्पांनी आणि मंदिरांनी सजलेली चढण्या-उतरण्याची जागा इतक्या निगुतीने कोणी रचली नव्हती.

योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खुद्द ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या २००३ सालच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील शाखा करत असल्याचे जाहीर झाले. पहिल्याच झलकीतील चित्रांवर बरीच टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि २०२२ मध्ये हे काम मूळ खेळ जिथे झाला त्या माँट्रियलकडे गेले. इथल्या कलाकारांसाठी ती हळहळण्याची गोष्ट होती. मात्र दुसऱ्याच्या जुन्या खेळाची डागडुजी हातून जाणे आणि स्वतःचा खेळ पूर्ण होणे, यांत ‘राजी’चे वजन आम्हाला अधिक वाटते.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्ता उद्या मिनिटाला शंभर टप्पे तयार करेल. मग टप्पे रचणाऱ्या माणसाचे काय? या प्रकाराचे पुढे काय होईल असे आपल्याला वाटते? (एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : टप्पे तयार करणे हा कधीच सर्वांत अवघड भाग नव्हता. ‘पिटफॉल’चे उदाहरण वर आलेच आहे. डेरेक यू याच्या ‘स्पेलंकी’मध्ये (२००८) प्रत्येक टप्पा चार आडव्या आणि चार उभ्या खोल्यांचा असतो, यंत्र आधी वरच्या रांगेतून तळाच्या दारापर्यंत जाणारी एक वाट नक्की करते, मग त्या वाटेवर माणसाने आधी हाताने रचून ठेवलेल्या खोल्यांचे नमुने थोडे बदलून बसवते. सुरुंग न लावता, दोर न वापरता शेवट गाठता येईल याची हमी त्या पहिल्या पायरीत आहे. टप्पा पार होतो की नाही हे तपासण्यातही यंत्र तरबेज आहे. २००९ मध्ये मारिओसारख्या खेळासाठी संगणकाच्या ‘मेंदूं’ची स्पर्धा झाली होती, त्यात रस्ता शोधण्याची ‘ए-स्टार’ ही कितीतरी जुनी पद्धत वापरणारा विजयी ठरला. त्याच्या उड्या पाहिल्या तर माणसाला लाज वाटेल.

अवघड भाग पुढे आहे. टप्पा पार होतो, पण तो पार करावासा वाटतो का? २०१५ च्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये कोणालाही टप्पे रचून जगाला देता येत होते, आणि निन्टेन्डोने एकच अट घातली होती : रचणाऱ्याने तो आधी स्वतः पार करून दाखवला पाहिजे. लाखो टप्पे आले आणि त्यांतील फार थोडे पुन्हा खेळावेसे वाटणारे निघाले. एप्रिल २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवा बंद होणार असे ठरल्यावर काही हौशी खेळाडूंनी कोणीही पार न केलेला एकही टप्पा मागे ठेवायचा नाही असा चंग बांधला. शेवटी जो एक उरला त्याच्या कर्त्याने कबूल केले, की तो आपण हाताने पार केलेलाच नव्हता, यंत्राच्या साहाय्याने केला होता. तरीही मुदत संपण्यापूर्वी एका खेळाडूने तो हाताने पार केलाच. यंत्राने केलेल्या शंभर टप्प्यांच्या मागे लोक असे लागतील का, याची आम्हाला शंका आहे.

पुढचा बदल आम्हाला जमिनीत दिसतो. आजवर फळ्या, कडे, भिंती या ठरलेल्या होत्या आणि उडी त्यांना जुळवून घेत असे. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘डाँकी काँग बनान्झा’त खेळाडू जवळपास सगळी जमीन ठोसे मारून फोडू शकतो, बोगदे काढू शकतो, उपटलेला तुकडा हातात धरून फेकू शकतो. भिंत अडवत असेल तर तिच्यावरून जायचे की तिच्यातून, हे खेळाडू ठरवतो. इथे नेमकी उडी मोजून ठेवणे रचनाकाराच्या हाती उरत नाही, आणि म्हणूनच या खेळाचे काही भाग सैल वाटतात. तरी ज्या कंपनीने १९८१ मध्ये मजले घालून दिले तिनेच ते फोडायला द्यावेत हे धाडस मोठे आहे. छोट्या चमूंचे काम याच्या उलट दिशेने, म्हणजे लहान जागा आणि अधिक घासलेली उडी या दिशेने चालू राहील, आणि खर्च पाहता तिथेच नवे प्रयोग अधिक होतील.

प्रश्न : माझे वय ६२ असून बोटे थोडी आखडली आहेत. नातीबरोबर खेळता येईल असा खेळ सुचवाल का? (एक आजोबा, रत्नागिरी)

उत्तर : जरूर. ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ (२०२३) एकाच टीव्हीवर चौघांपर्यंत एकत्र खेळता येतो. त्यात आपण योशी किंवा नॅबिट हे पात्र घ्यावे. शत्रू अंगावर आला तरी या दोघांना इजा होत नाही, फक्त खड्ड्यापासून जपावे लागते. नातीला मारिओ घेऊ द्या. एकट्याने अवघड काही पाहावेसे वाटले तर ‘सेलेस्ट’मध्ये साहाय्याची सोय आहे : खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, थकवा बंद करता येतो आणि हवे तर मरणही. ही सोय वापरल्याबद्दल खेळ आपल्याला कमी लेखत नाही. कंट्रोलर घेताना मात्र तो दुकानात हातात धरून, बटणे फार कडक नाहीत ना हे दाबून पाहूनच घ्यावा.